हिवाळी सुटी आणि गृहपाठाची वही

डिसेंबर सरत आला, की ग्वाल्हेरच्या बालरोगतज्ज्ञाकडे दोन प्रकारची गर्दी होते. पहिली सर्दी, खोकला, दमा आणि न्यूमोनियाची. तिच्याविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना मी काही नवे सांगावे, अशी स्थिती नाही. दुसरी गर्दी जानेवारीत, शाळा उघडण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत येते. पोट दुखते, डोके दुखते, रात्री झोप लागत नाही, सकाळी उठल्याबरोबर मळमळते. तपासावे तर पोट मऊ, ताप नाही, वजन वयाप्रमाणे, लघवीची तपासणी स्वच्छ. मग मी सहज विचारते, "सुटीचा गृहपाठ झाला का?" मूल आईकडे पाहते आणि आई भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहू लागते.

संपादक मंडळाची अपेक्षा माझ्याकडून लसीकरणावर किंवा पोषणावर लेख मिळावा अशी असणार. गृहपाठ हा काही वैद्यकाचा विषय नव्हे, असा आक्षेपही कोणी घेईल. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्राथमिक शाळेतील मुलांच्या ज्या तक्रारी माझ्यापुढे आल्या, त्यांतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ पोटात नसून दप्तरात होते. आणि हे मूळ हाती लागण्याची सर्वांत सोयीची वेळ म्हणजे ही आठ-दहा दिवसांची हिवाळी सुटी होय, असे माझे मत आहे.

आपल्याकडची ही सुटी मोठी विचित्र. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा यांच्या दरम्यान कुठेतरी, शाळाशाळांगणिक निराळी. त्यानंतर धुके दाटले आणि पारा तीन-चार अंशांवर आला, की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो व सुटी आणखी दोन-चार दिवसांनी वाढते. म्हणजे आरंभ ठाऊक, शेवट ठाऊक नाही. उन्हाळ्याच्या सुटीसारखी ती ऐसपैस नसते. तिच्यात आजोळी जाणे होते न होते, आणि अर्धवार्षिक परीक्षेचा शीण उतरतो न उतरतो तोच वार्षिक परीक्षेचे पडघम वाजू लागतात. त्यामुळे पालकांच्या मनात एक भीती घर करून असते. दहा दिवस पुस्तक मिटले, तर शिकलेले सगळे पुसले जाईल! शाळाही ही भीती ओळखून असतात. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी भ्रमणध्वनीवर सात-आठ पानांची यादी येऊन पडते. इंग्रजी शुद्धलेखनाची वीस पाने, दोन ते पंधराचे पाढे पाच-पाच वेळा, पर्यावरणाचा एक प्रकल्प, हिंदीतून एक निबंध. इयत्ता दुसरी!

आता यासंबंधी आपल्या देशाचे अधिकृत धोरण काय सांगते, ते पाहण्यासारखे आहे. दप्तराच्या ओझ्याची चर्चा आजची नव्हे. १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा विषय मांडला. पुढे १९९२ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे मुलाला अधिक छळते, असा त्या अहवालाचा रोख होता. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने तर आकडेच ठरवून दिले. दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला अधिकात अधिक दोन तास. दुसरीपर्यंतच्या मुलांनी संध्याकाळ कशी घालवली, कोणते खेळ खेळले, काय खाल्ले, हे वर्गात येऊन बोलून दाखवावे, असे त्यात सुचविले आहे. आठवड्याला दोन तास हे प्रमाण धरले, तर दहा दिवसांच्या सुटीला तीन तासदेखील भरत नाहीत. वीस पाने शुद्धलेखनाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

शास्त्रीय पुरावाही फारसा वेगळा नाही. ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ ते २००३ या काळातील अमेरिकेतील अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये त्यांचा आढावा घेतला. सातवीच्या पुढील विद्यार्थ्यांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसला. प्राथमिक वर्गांत तो फारच क्षीण होता. तेव्हा गृहपाठाच्या ढिगाने लहान मूल हुशार होते, या समजुतीला आधार नाही. आणि दहा दिवस वही उघडली नाही म्हणून मूल मागे पडते, या भीतीलाही नाही. जे पक्के झालेले असते ते दहा दिवसांत जात नाही. जे जाते ते मुळातच कच्चे होते.

मग घरी बसून अभ्यास घ्यावा की घेऊ नये? माझे उत्तर आहे, अवश्य घ्यावा; पण वही भरण्यासाठी नव्हे, तर मूल कुठे अडते ते पाहण्यासाठी. वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. त्यांतील एखादे मूल समूहस्वरात ओठ हलवीत दोन वर्षे निभावून नेऊ शकते आणि शिक्षिकेला त्याचा पत्ता लागत नाही. तो दोष शिक्षिकेचा असतोच असे नाही. परंतु घरी, दुपारच्या उन्हात, एका मुलाशेजारी एक माणूस दहा मिनिटे शांत बसले तर ते लपत नाही.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. २०२३ च्या जानेवारीत लष्कर भागातील एका मराठी कुटुंबातील तिसरीतला मुलगा आजीबरोबर आला. इंग्रजी माध्यमाची शाळा. तक्रार अर्थातच पोटदुखीची. सुटी संपायला दोन दिवस उरले होते. आजीच्या पिशवीत त्याची गृहपाठाची वही होती. अक्षर मोत्यासारखे, पाने भरलेली, एकही खाडाखोड नाही. "वाचून दाखव बरं," म्हटल्यावर त्याने पान घडाघडा वाचले. मात्र वाचताना त्याची नजर पानावर नव्हती, माझ्या चेहऱ्यावर होती. मी औषधचिठ्ठीच्या कागदाने पान झाकले. वाचन सुरूच! मग कागद बाजूला करून मधल्या ओळीतील एका शब्दावर बोट ठेवले. शब्द होता 'गार्डन', तो म्हणाला, "ग्रीन." दुसऱ्यावर बोट ठेवले; त्याने पहिले अक्षर पाहून पुन्हा अंदाज केला. हिंदीचे पुस्तक काढले, तर 'किसान'चा 'कसान' झाला आणि पुढे गाडी अडली.

आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, त्याला सगळं तोंडपाठ असतं. एकदा ऐकलं की झालं. आम्ही समजत होतो, पोरगा भारी हुशार."

हुशार तो होताच. मंदबुद्धी मुलाला हे साधत नाही. न वाचता तीन इयत्ता पार करण्यासाठी लागणारी स्मरणशक्ती आपल्यापैकी किती जणांपाशी आहे? फक्त त्याला वाचायला कोणी शिकवले नव्हते. त्याची पहिली म्हणजे २०२०–२१ चे वर्ष. शाळा बंद, वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, चाळीस मुलांचे चेहरे टिकलीएवढे. दुसरीचे वर्षही अर्धेमुर्धेच गेले. तिसरीत तो आला तेव्हा वाचता येते असे गृहीत धरूनच पुस्तके लिहिलेली होती. ग्रामीण भारतातील 'असर' पाहणीतही हेच चित्र दिसते. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते. २०२२ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास उतरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ टक्क्यांवर आले. खड्डा भरून निघाला हे खरे. पण मूळची पातळी तरी काय होती! आणि ही केवळ खेड्यातील, सरकारी शाळेतील कथा आहे असे समजून आपण शहरी मंडळींनी निर्धास्त राहू नये. हा मुलगा बुटाला पॉलिश करून, टाय लावून शाळेत जात होता.

अशा मुलाला लगेच 'डिस्लेक्सिया' हे बिरुद लावण्याची घाई मी करीत नाही. अगोदर साध्या गोष्टी तपासाव्यात. नेत्रतज्ज्ञ मित्रांना सांगावयास नको, की फळ्यावरचे न दिसणारे मूल तसे बोलून दाखवीत नाही. सगळ्यांना तसेच दिसते अशी त्याची समजूत असते. कानांकडे तर आपले नेहमीच दुर्लक्ष होते. हिवाळ्यात वारंवार सर्दी होणारे, तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे मूल असेल, तर पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येत असण्याची शक्यता असते. दुसरीतल्या एका मुलीविषयी शाळेची तक्रार होती, 'लक्ष देत नाही.' घरी वाचन घेताना आईच्या ध्यानात आले, की श्रुतलेखनात तिचे 'प' आणि 'ब' सारखे उलटसुलट होतात, पाहून लिहिताना मात्र होत नाहीत. हे निरीक्षण एखाद्या निवासी डॉक्टरने केले असते तर मी त्याची पाठ थोपटली असती. दोन्ही कानांत पाणी होते. रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप यांचीही चौकशी व्हावी. हे सगळे ठीक असेल, तर काही आठवडे पद्धतशीर शिकवून पाहावे. ज्याला शिकवलेच गेले नव्हते ते मूल भराभर पुढे जाते. ज्याला खरोखरीच अध्ययन-अक्षमता आहे, ते तेवढ्याच शिकवण्याने मुंगीच्या पावलाने सरकते. त्याला तज्ज्ञांकडे पाठवावेच. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला असून सवलतींचा हक्क आहे. नावे ठेवण्यात दोन-तीन वर्षे गेली, तर मुलाचा आत्मविश्वास परत आणणे हे वाचन शिकवण्यापेक्षा कठीण होऊन बसते.

आमच्या या मुलाचे डोळे आणि कान उत्तम होते. हिमोग्लोबिन किंचित कमी होते, त्यावर लोह दिले. खरे औषध आजींच्या हाती सोपवले. त्यांना इंग्रजी बेताचेच येत होते, त्यामुळे त्या बिचकल्या. मी म्हटले, "आजी, इंग्रजी राहू द्या. देवनागरीपासून सुरुवात करा." कारण अक्षर म्हणजे आवाजाची खूण, ही गोष्ट देवनागरीत जितकी सरळ कळते तितकी इंग्रजीत कळत नाही. पहिला शब्द त्यांनीच निवडला, 'गजक'. मुरैन्याची गजक या दिवसांत कोणत्या ग्वाल्हेरी घरात नसते! तीन अक्षरे, काना नाही, मात्रा नाही, आणि बरोबर वाचले तर तुकडा हातात. मग बदक, कमळ, नगर. मग 'ग'चा 'गा' होऊन गाजर. दुपारी गच्चीवर उन्हात पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटे. एवढीच मात्रा.

मात्रा हा शब्द मी डॉक्टरांसाठी मुद्दाम योजला आहे. सात दिवसांच्या प्रतिजैविकाच्या सगळ्या गोळ्या शेवटच्या रात्री एकदम घेणाऱ्या रुग्णाला आपण काय म्हणू? सुटीचा गृहपाठ मात्र बहुतेक घरांत असाच घेतला जातो. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवून दिले, की नवे पाठ केलेले पहिल्या काही तासांतच वेगाने विसरते आणि उजळणी अंतराअंतराने केली तर ते टिकते. पुढच्या काळातील प्रयोगांनी यात आणखी एक भर घातली. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगितले, तर स्मरण अधिक पक्के होते. म्हणून वीस वेळा लिहून काढण्यापेक्षा, "काल वाचलेली गोष्ट मला सांग पाहू," हे एक वाक्य अधिक गुणकारी. बोटे गारठलेली असताना सकाळी आठ वाजता लेखन करवणे हा तर शुद्ध छळ आहे. थंडीने बोटे लाल होऊन सुजणारी मुले आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. लेखन उन्हे चढल्यावर करावे.

मी त्या मुलाच्या वर्गशिक्षिकेच्या नावे चार ओळींची चिठ्ठी दिली. उरलेला गृहपाठ होणार नाही, त्याऐवजी रोज पाच ओळी त्याच्याकडून ऐकाव्यात. त्या बाईंनी ते मनापासून केले, मधल्या सुटीत केले. होळीपर्यंत तो हिंदीतील लहानशी गोष्ट वाचू लागला. इंग्रजीला दिवाळी उजाडली. पोटदुखी मध्येच कधीतरी थांबली. तिची आठवण कोणालाच राहिली नाही.

वाचनाइतकाच आपल्या घरांत अडणारा दुसरा विषय म्हणजे अंक. बृहन्महाराष्ट्रातील मुलाची अडचण महाराष्ट्रातील मुलाहून वेगळी असते. शाळेत तो 'फिफ्टी थ्री' ऐकतो, रिक्षावाल्याकडून 'तिरपन' ऐकतो आणि आजोबांकडून 'त्रेपन्न'. मराठीत आणि हिंदीत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारले जाते. लिहिताना मात्र दशक आधी. 'एकोणपन्नास' ऐकून मूल पाच लिहू लागते, यात त्याचा काय दोष? २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनपद्धती जोडीला आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची मुलांना होणारी अडचण शांतपणे समजावून सांगितली; पुष्कळांनी ती ऐकूनच घेतली नाही. 'त्र्याण्णव' हा शब्द मला प्रिय आहे, तो जावा असे मला वाटत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला तो 'नव्वद तीन' या पायरीवरून भेटला, तर मराठीचे काय बिघडणार आहे?

दशकाचे हे कोडे सुटीत खेळातून सुटते. घराघरात नवे कालनिर्णय याच दिवसांत भिंतीवर चढते. त्यात मावशीचा वाढदिवस शोधणे, संक्रांतीला किती दिवस उरले ते मोजणे, एका महिन्यात सोमवार चार की पाच ते पाहणे, हा दुसरीच्या गणिताचा बराचसा भाग झाला. ग्वाल्हेरच्या मेळ्यात गेलात तर पन्नासची नोट मुलाच्याच हाती द्यावी आणि परत किती आले ते त्यालाच मोजू द्यावे. मागे लोक उभे राहून खोळंबतील, खोळंबू द्यावेत. पत्त्यांत बदाम सात, फाशांचा सापशिडीचा डाव. हे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असे मानणाऱ्यांसाठी सांगते. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा अंक सरळ ओळीत मांडलेला साधा पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. तेवढ्याने मुलांची अंकांची जाण सुधारली. अंकांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळणाऱ्यांची सुधारली नाही. मात्र सोंगटी सरकवताना मुलाने घरातील अंक मोठ्याने म्हणायचा असतो. तेवीसवर असताना चार पडले, तर 'एक, दोन, तीन, चार' नव्हे, 'चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस'. एवढे पथ्य पाळले की पुरे.

प्रकल्पांविषयी न लिहिलेलेच बरे, तरी लिहिते. थर्माकोलचा किल्ला मूल करीत नाही. आई करते, किंवा बाजारातून तयार येतो. परीक्षक म्हणून एका शाळेत गेले असता सौरमालेच्या एकसारख्या अकरा प्रतिकृती मी पाहिल्या आहेत, बहुधा एकाच दुकानातल्या. मुलाने केलेला वाकडा, डिंकाने माखलेला किल्ला शाळेत न्यायला आईला लाज वाटते, हे दुखणे मुलाचे नव्हे. शाळेने खरोखरच काही मागायचे असेल, तर आपण ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो त्यावर मुलाला नेऊन आणा, आणि त्याला काय दिसले ते पाच वाक्यांत लिहू द्या, असे मागावे.

आता अभ्यास कोणी घ्यावा? आपल्या डॉक्टरांच्या घरांत हा प्रश्न नाजूक आहे. हिवाळा म्हणजे आपल्या धंद्याचा हंगाम. रात्री साडेनऊला दवाखाना मिटवून येणारे वडील, "दाखव वही," म्हणून बसतात, तेव्हा मूल पेंगलेले असते आणि वडिलांचा संयम दिवसभरात संपलेला असतो. त्या अर्ध्या तासात जे शिकले जाते ते गणित नव्हे, गणिताचा धसका. अशा वेळी वही उघडूच नये. जवळ घेऊन गोष्ट वाचून दाखवावी. अभ्यासाचे काम ज्याच्यापाशी वेळ आणि शांत आवाज आहे त्याने करावे. बहुतेक घरांत ते आजी-आजोबा असतात. मुलाच्या मदतीला जाण्यापूर्वी त्याला अडखळू द्यावे, मनातल्या मनात पाच अंक मोजावेत आणि मगच शब्द सांगावा. चुकलेल्या शब्दावर लाल रेघ ओढू नये. आणि दहा मिनिटे झाली, की मूल रंगलेले असले तरी पुस्तक मिटावे. उद्या ते स्वतः घेऊन येईल.

झोपेचे गणितही ध्यानात असू द्यावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. सुटीत पाहुणे, लग्ने, तानसेन समारोहाच्या रात्री यांमुळे झोपायची वेळ अकरावर जाते आणि शाळा उघडताच पहाटे सहाचा गजर. पहिल्या दिवशी जी मुले वर्गात रडतात, त्यांतील निम्म्यांना शाळेची भीती नसते, झोप झालेली नसते. शाळा उघडण्याआधी तीन-चार दिवसांपासून रोज पंधरा-वीस मिनिटे अलीकडे सरकत यावे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला दोन तासांहून कमी असावी, असे भारतीय बालरोग अकादमीचे मार्गदर्शन आहे. शाळा गृहपाठच पडद्यावर पाठवू लागल्या, तर ती पाळायची कशी, हे मात्र पालकांनी शाळेला विचारावे.

ज्या घरात आजी नाहीत, किंवा असून त्यांना अक्षरओळख नाही, त्या मुलांचे काय? आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मुलगा, कंपाउंडरची मुलगी, रिक्षावाल्याची जुळी. त्यांनाही हीच सुटी असते आणि त्यांच्या वहीकडे पाहणारे कोणीच नसते. १९८९ मध्ये बॉस्टनमधील काही बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक ठेवण्यास सुरुवात केली. पुढे तो उपक्रम अमेरिकाभर गेला. तेवढी ऐपत माझी नाही. पण काही वर्षांपूर्वी मी प्रतीक्षागृहातला दूरदर्शन संच काढला आणि त्याच्या जागी एक बुटकी मांडणी ठेवली. तिच्यात भोपाळच्या एकलव्य संस्थेचे 'चकमक' मासिक, नॅशनल बुक ट्रस्टची हिंदी-मराठी चित्रपुस्तके, आणि 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरून छापून घेतलेल्या काही मराठी गोष्टी असतात. बसायला दोन चटया.

या मांडणीचा मला एक व्यावसायिक उपयोगही होतो. दार थोडे उघडे ठेवले, की कोणते मूल पुस्तक उचलते, कोणते फक्त चित्रे पाहून पाने भराभर उलटते, कोणते डोळ्यांच्या अगदी जवळ धरते आणि कोणते धाकट्या बहिणीला वाचून दाखवते, हे तपासणीच्या आधीच कळते. पुस्तके हरवतात. महिन्याला आठ-दहा तरी परत जागेवर येत नाहीत. माझ्या कंपाउंडरला याचा फार राग येतो आणि त्याने मांडणीला कुलूप लावण्याची परवानगी दोनदा मागितली. मी दिलेली नाही.

सभासदांपैकी कोणाला आपल्या दवाखान्यात अशी मांडणी ठेवायची असेल, तर 'चकमक'चे जुने अंक आणि वाचून झालेली चित्रपुस्तके यांची दोन खोकी माझ्याकडे बांधून ठेवली आहेत. डिसेंबरच्या आत निरोप मिळाला, तर सुटी लागण्यापूर्वी ती पोहोचती करता येतील.